इतिवृत्तातील ‘कमिटी’ एकवचनी की अनेकवचनी? इंग्रजीतील कर्ता-क्रियापदाच्या मेळाविषयी

नांदुर्की

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवपदाचे काम गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. काही सभासदांना मराठी वाचता येत नसल्यामुळे सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मराठीबरोबर इंग्रजीतही काढावे लागते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि इंग्रजी मी काळजीपूर्वक लिहिते. तरीही या वेळच्या इतिवृत्तावर एका सभासदांनी लाल शाईने सहा ठिकाणी खुणा केल्या, आणि त्या सहाही ठिकाणी प्रश्न वचनाचाच आहे. त्यांच्या काही दुरुस्त्या मला पटल्या, काही पटल्या नाहीत, आणि इतिवृत्त कायम करण्यापूर्वी मला हा विषय नीट समजून घ्यायचा आहे.

मी ‘द मॅनेजिंग कमिटी हॅज डिसायडेड’ असे लिहिले होते, त्याचे त्यांनी ‘हॅव’ केले, कारण समितीत नऊ जण आहेत. ‘अ नंबर ऑफ मेंबर्स वॉज प्रेझेंट’ यातील ‘वॉज’चे त्यांनी ‘वेअर’ केले. ‘टू लाख रुपीज वेअर स्पेंट ऑन वॉटरप्रूफिंग’ येथे मात्र उलट ‘वॉज’ करायला सांगितले. ‘नन ऑफ द मेंबर्स वेअर अगेन्स्ट द रेझोल्यूशन’ येथेही ‘वॉज’च हवे असे ते म्हणतात. ‘द चेअरमन, अलाँग विथ टू मेंबर्स, हॅव इन्स्पेक्टेड द टेरेस’ यातील ‘हॅव’ काढून ‘हॅज’ घातले. आणि शेवटी, थकबाकीदार सभासदाविषयीच्या ‘ही इज वन ऑफ द मेंबर्स हू हॅव नॉट पेड’ या वाक्यातील ‘हॅव’ चुकीचे ठरवून ‘हॅज’ करायला सांगितले. जाणकारांनी कारणांसहित मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ

नांदुर्की ताई, मी तीस वर्षांहून अधिक काळ मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवले. या सहाही वाक्यांवर माझ्या वर्गात अनेकदा चर्चा झाली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सुरुवात क्रियापदाचा धनी कोण, हे ओळखण्यापासून करावी. मराठी माणसाला हे ओळखणे इंग्रजी माणसापेक्षा अवघड जाते, कारण आपल्या भाषेत क्रियापद नेहमी कर्त्याच्याच मागे जात नाही. ‘मुलगा आंबा खातो’ यात क्रियापद मुलाचे आहे, पण ‘मुलाने आंबे खाल्ले आहेत’ यात ते आंब्यांचे झाले. कर्मणी प्रयोगाची ही सवय कानात मुरलेली असल्यामुळे ‘द बॉय हॅव ईटन द मँगोज’ असे लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहिली. त्यांच्या डोक्यात ‘आहेत’ असते आणि हातातून ‘हॅव’ उतरते. इंग्रजीत क्रियापद असे कर्माच्या मागे जात नाही. तेथे क्रियापद कर्त्याचेच ऐकते, काळ कोणताही असो.

त्यानंतर मी मुलांना सांगत असे की शंका आली तर वाक्य मराठीत म्हणून पाहा. ‘अ नंबर ऑफ मेंबर्स’ म्हणजे ‘अनेक सदस्य’, म्हणून ‘होते’, म्हणून ‘वेअर’. ‘द नंबर ऑफ मेंबर्स’ म्हणजे ‘सदस्यांची संख्या’, म्हणून ‘होती’, म्हणून ‘वॉज’. एका छोट्या ‘अ’ आणि ‘द’ने सगळा अर्थ कसा पालटतो, हे मराठी वाक्यात लगेच दिसते. येथे तुमच्या सभासदांची दुरुस्ती योग्य आहे.

सहाव्या वाक्यात मात्र तुम्ही बरोबर आहात. त्याचे मराठी असे होईल: ‘ज्या सदस्यांनी पैसे भरलेले नाहीत, त्यांपैकी ते एक आहेत.’ येथे ‘ज्या’ हे संबंधी सर्वनाम ‘सदस्यांनी’ या अनेकवचनी शब्दाला लागले आहे, म्हणून इंग्रजीतील ‘हू’सुद्धा अनेकवचनी आणि क्रियापद ‘हॅव’. ‘वन’ हा शब्द जवळ दिसतो म्हणून ‘हॅज’ लिहावेसे वाटते आणि चांगल्या लेखकांच्या लेखनातही ते सापडते, परंतु तर्क ‘हॅव’च्या बाजूचा आहे. ‘द ओन्ली वन ऑफ द मेंबर्स हू हॅज नॉट पेड’ हे मात्र वेगळे. तेथे मराठीत ‘सदस्यांपैकी ज्याने पैसे भरलेले नाहीत असा तो एकटाच’ असे होते. ‘ज्या’चे ‘ज्याने’ झाले, म्हणून ‘हॅज’.

अध्यक्षांच्या वाक्याविषयी थोडी सावधगिरी हवी, कारण येथे मराठी आपल्याला चकवते. ‘अध्यक्षांसह दोन सदस्य उपस्थित होते’ या वाक्यात ‘सह’ लागल्याबरोबर अध्यक्ष बाजूला होतात आणि दोन सदस्य कर्ता बनतात. इंग्रजीत ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’ किंवा ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ लावले तरी आधीचे नामच कर्ता राहते आणि मागून येणारी मंडळी त्याची सोबत करतात. म्हणून ‘हॅज’. तिघांनाही समान मान द्यायचा असेल तर ‘द चेअरमन अँड टू मेंबर्स हॅव इन्स्पेक्टेड’ असे सरळ लिहावे. इतिवृत्तात मला तेच अधिक योग्य वाटते, कारण पाहणीची जबाबदारी तिघांची होती.

रकमेच्या वाक्यातही मराठी कामी येत नाही. आपण ‘दोन लाख रुपये खर्च झाले’ असे म्हणतो, अगदी एका धनादेशाने दिले असले तरी. इंग्रजी मात्र रक्कम, अंतर, वजन आणि कालावधी यांना एक अखंड मोजमाप मानते. ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक’, ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’. मनात ‘दोन लाख रुपयांची रक्कम’ असे म्हणून पाहिले की ‘वॉज’ आपोआप सुचते. रक्कम वेळोवेळी, सुटी सुटी खर्च झाली असे दाखवायचे असेल तर ‘वेअर’ही चालते. म्हणून तुमचे वाक्य चूक म्हणता येणार नाही, परंतु ‘वॉज’ अधिक नेमके आहे.

‘कमिटी’ आणि ‘नन’ यांविषयी इतरांनी लिहावे. मीही नंतर भर घालीन.

रानवारा

कृष्णाकाठ सर, ‘अध्यक्षांसह’ची फोड वाचून समाधान झाले. वर्तमानपत्रांतील बातम्यांचे इंग्रजी भाषांतर करताना मला ही अडचण नेहमी यायची, पण तिचे मूळ ‘सह’ या शब्दयोगी अव्ययात आहे हे कधी लक्षात आले नव्हते.

उत्तरदेश

मी अनेक वर्षे इंग्लंडमधील लीड्स येथे राहतो, म्हणून ‘कमिटी’विषयी येथील रीत सांगतो. ब्रिटिश इंग्रजीत समूहवाचक नामानंतर एकवचन आणि अनेकवचन दोन्ही चालतात, आणि निवड अर्थावर ठरते. समितीने एकमुखाने काही ठरवले असेल तर ‘द कमिटी हॅज डिसायडेड’, आणि समितीतील माणसे आपापसांत वेगवेगळ्या मतांची असतील तर ‘द कमिटी आर डिव्हायडेड’. ‘माय फॅमिली आर ऑल टीचर्स’ हे वाक्य येथे अगदी स्वाभाविक वाटते. खेळात तर अनेकवचनच चालते. ‘इंग्लंड आर बॅटिंग’ असेच म्हणतात, कारण तेथे देश म्हणजे अकरा खेळाडू. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांनीही ही रीत क्रीडापानापुरती उचलली आहे. तेथे ‘इंडिया विन’ असा मथळा असतो, आणि त्याच अंकाच्या पहिल्या पानावर परराष्ट्र धोरणाची बातमी असेल तर ‘इंडिया हॅज’ असते. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात संघ आहे, दुसऱ्यात राष्ट्र.

म्हणून तुमच्या सभासदांचे ‘समितीत नऊ जण आहेत’ हे कारण पुरेसे नाही. नऊ जणांनी एक संस्था म्हणून ठराव केला की नऊ जण म्हणून वाद घातला, हे पाहायला हवे. ठरावाच्या वाक्यात ‘हॅज’ हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मक्याचे रान

उत्तरदेश यांच्याशी सहमत आहे. अमेरिकेतून एक भर घालते. येथे समूहवाचक नाम जवळजवळ नेहमी एकवचनी असते: ‘द टीम इज’, ‘द कमिटी हॅज’, ‘द गव्हर्नमेंट हॅज’. माणसे वेगळी दाखवायची असतील तर लोक ‘द मेंबर्स ऑफ द कमिटी हॅव’ असे लिहितात, आणि इतिवृत्तासाठीही हाच मार्ग निर्धोक आहे, कारण तो दोन्ही देशांत खटकत नाही.

या देशाच्या नावाचीच गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. 1787 साली लिहिलेल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात देशद्रोहाची व्याख्या करताना युनायटेड स्टेट्ससाठी ‘देम’ आणि ‘देअर’ ही अनेकवचनी सर्वनामे आहेत. गुलामगिरी रद्द करणाऱ्या 1865 सालच्या तेराव्या घटनादुरुस्तीतही ‘देअर ज्युरिस्डिक्शन’ असेच शब्द आहेत. म्हणजे कायद्याच्या भाषेत तो तेव्हाही अनेक राज्यांचा समुच्चय होता. आज ‘द युनायटेड स्टेट्स इज’ याखेरीज कोणी लिहीत नाही. यादवी युद्ध संपले आणि क्रियापद एका रात्रीत बदलले, असे पुष्कळदा सांगितले जाते, पण तसे घडले नाही. अनेकवचन त्यानंतरही बराच काळ वापरात होते आणि हळूहळू मागे पडले. शब्दाचे रूप तेच राहिले, शेवटचा ‘एस’ही तसाच राहिला, आणि लोकांच्या मनातला देश एक झाला तसे क्रियापद एकवचनी झाले.

दुपारची शाळा

‘नन’ म्हणजे ‘नॉट वन’, म्हणून ते नेहमी एकवचनीच असले पाहिजे, असे आम्हाला शाळेत शिकवले होते आणि उत्तरपत्रिकेत ‘नन आर’ लिहिले की गुण कापले जात. मग हा नियम चुकीचा होता का?

कृष्णाकाठ

होय, आणि मीही सुरुवातीची काही वर्षे तेच शिकवले, याची मला खंत आहे. ‘नन’ची व्युत्पत्ती जुन्या इंग्रजीतील ‘एकही नाही’ अशा अर्थाच्या शब्दाकडे जाते हे खरे, परंतु व्युत्पत्तीवरून आजचे वचन ठरत नाही. फाउलर यांच्या इंग्रजी वापराविषयीच्या 1926 सालच्या कोशासारख्या काटेकोर ग्रंथातही ‘नन’ केवळ एकवचनी असते ही समजूत चुकीची म्हटली आहे. मराठीत आपण ‘एकही सदस्य विरोधात नव्हता’ असे म्हणतो आणि ‘कोणीच विरोधात नव्हते’ असेही म्हणतो. इंग्रजीतही दोन्ही रूपे चालतात. ताईंचे ‘नन ऑफ द मेंबर्स वेअर’ बरोबर आहे, ‘वॉज’ही बरोबर आहे. मात्र एका इतिवृत्तात एकदा जे धरले ते शेवटपर्यंत ठेवावे.

‘नन ऑफ द मनी’, ‘नन ऑफ द वॉटर’ येथे मात्र दुसरा पर्यायच नाही. मोजता न येणाऱ्या गोष्टीला ‘वॉज’च लागते.

ओटीवरचा दिवा

सर, मोजता न येणाऱ्या गोष्टींचा विषय निघाला म्हणून विचारते. माझी मुलगी आठवीत आहे. ती ‘द न्यूज आर गुड’ आणि ‘माय हेअर्स आर लाँग’ असे लिहिते, आणि समजावून सांगितले तरी पुन्हा तेच होते. शिवाय ‘बॉइज प्लेज’ असे लिहून ती मला विचारते की मुले अनेक आहेत तर दोन्ही शब्दांना ‘एस’ का लावायचा नाही. मला याचे उत्तर देता आले नाही.

कृष्णाकाठ

तुमच्या मुलीचा प्रश्न फार चांगला आहे आणि तिची चूकही समंजस आहे. तिला आधी तसे सांगा, आणि मग नियम सांगा.

पहिल्या दोन चुका मराठीतून आल्या आहेत. आपल्याकडे ‘बातम्या आल्या’ आणि ‘केस लांब आहेत’, दोन्ही अनेकवचनी. इंग्रजीत ‘न्यूज’ला शेवटी ‘एस’ असूनही ते एकवचनी आहे, आणि डोक्यावरचे सगळे केस मिळून एक ‘हेअर’. ‘हेअर्स’ म्हणजे मोजण्याजोगे दोन-चार सुटे केस, जसे भातात सापडावेत तसे. त्याच्या उलट कात्री. आपली ‘कात्री’, ‘चष्मा’ आणि ‘पँट’ एकवचनी, पण इंग्रजीत ‘सिझर्स’, ‘ग्लासेस’ आणि ‘ट्राउझर्स’ अनेकवचनी, कारण त्या वस्तूंना दोन पाती, दोन काचा, दोन पाय आहेत. ‘माहिती’ आणि ‘सामान’ मात्र दोन्ही भाषांत सारखीच वागतात, तरीही ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘लगेजेस’ आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ‘दोन सल्ले दिले’ वरून ‘टू अ‍ॅडव्हाइसेस’ लिहिण्याची चूक समजण्याजोगी आहे, पण ‘इन्फर्मेशन्स’ला मराठीचाही आधार नाही.

तिला हेही दाखवा की कोणती वस्तू एक आणि कोणती अनेक, हे प्रत्येक भाषा आपल्या पद्धतीने ठरवते. आपण ‘आभार मानले’, ‘हाल झाले’, ‘पोहे झाले’ असे म्हणतो. एकटा आभार किंवा एकटा हाल आपण मराठीत आणत नाही. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला हे किती विचित्र वाटत असेल, याचा विचार मुलीने केला की इंग्रजी तिला कमी परकी वाटेल.

आता ‘एस’चा प्रश्न. नामाला लागणारा ‘एस’ आणि क्रियापदाला लागणारा ‘एस’ दिसायला जुळे असले तरी त्यांची घराणी वेगळी आहेत. नामाचा ‘एस’ जुन्या इंग्रजीतील अनेकवचनाच्या प्रत्ययातून आला. क्रियापदाला पूर्वी ‘एथ’ असा प्रत्यय लागत असे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘ही सेथ’, ‘ही गोएथ’ अशी रूपे पानोपानी दिसतात. उत्तर इंग्लंडच्या बोलीत त्या जागी ‘एस’ होता, आणि तोच पुढे प्रमाण भाषेत रुजला. म्हणून क्रियापदाचा ‘एस’ ‘एक’ सांगतो आणि नामाचा ‘एस’ ‘अनेक’ सांगतो. आपण मुलांना केवळ ‘एस लावा, एस काढा’ असे सांगतो आणि दोन वेगळ्या प्रत्ययांना एकच समजण्याचा दोष त्यांच्या माथी मारतो.

मक्याचे रान

हे वाचून ‘यू’ची आठवण झाली. एकाच माणसाशी बोलताना ‘यू आर’ का म्हणायचे, असे मी लहानपणी विचारले होते. ‘यू’ मुळात अनेकवचनी होते आणि एकासाठी ‘दाउ’ हा शब्द होता. आदराने एकालाही ‘यू’ म्हणण्याची रीत पडली, आणि सतराव्या शतकापर्यंत प्रमाण भाषेतून ‘दाउ’ जवळजवळ गेलाच. आपण ‘बाबा आले’ म्हणतो तसेच हे आदरार्थी बहुवचन, फक्त इंग्रजीत ‘तू’ उरलाच नाही. अठराव्या शतकात एकाच व्यक्तीसाठी ‘यू वॉज’ असे म्हणण्याचा प्रघात चांगल्या लेखनातही होता, पण रॉबर्ट लोथ यांनी 1762 सालच्या व्याकरणात त्यावर कडक टीका केली, आणि पुढे ते अशिष्ट ठरले.

मजकूरशोधक

मी संपादनाचे काम करते, म्हणून एका वेगळ्या प्रकारच्या चुकीकडे लक्ष वेधते. ती नियम माहीत असूनही होते. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना ‘द की टू द कॅबिनेट्स’ यांसारखी अर्धी वाक्ये देऊन ती पूर्ण करायला सांगितली होती. किल्ली एकच असूनही जवळच्या ‘कॅबिनेट्स’च्या ओढीने काही जणांच्या तोंडून ‘आर’ निघाले. उलट बाजूने, म्हणजे कर्ता अनेकवचनी आणि जवळचे नाम एकवचनी असेल तर, चूक फार कमी होते. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांचीही ही गत होते. म्हणून लांब वाक्य तपासताना कर्ता आणि क्रियापद यांच्यामधले शब्द बोटाने झाकून वाचावेत. नांदुर्की ताईंच्या अध्यक्षांच्या वाक्यातील ‘हॅव’ बहुधा ‘टू मेंबर्स’च्या शेजारामुळेच आले असावे.

मराठीत तर शेजारच्या नामाचा हक्क व्याकरणानेच मान्य केला आहे. ‘चार खुर्च्या आणि एक टेबल आणले’, पण ‘एक टेबल आणि चार खुर्च्या आणल्या’. इंग्रजीत ‘अँड’ने जोडले की दोन्हीकडे ‘वेअर’च. शेजाराचा नियम तेथे ‘आयदर… ऑर’ आणि ‘नायदर… नॉर’ यांना लागतो: ‘नायदर द सेक्रेटरी नॉर द मेंबर्स वेअर इन्फॉर्म्ड’.

कलमनवीस

दस्तऐवज लिहिण्याचा माझा व्यवसाय आहे. मसुद्यातील वचनावरून वाद उद्भवू शकतो, म्हणून केंद्रीय कायद्यांच्या अर्थासाठी 1897 सालच्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या तेराव्या कलमात, विषय किंवा संदर्भ विरोधात जात नसेल तर, एकवचनी शब्दात अनेकवचन आणि अनेकवचनी शब्दात एकवचन समाविष्ट असल्याचे सांगितले आहे. पण संस्थेचे इतिवृत्त म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे या तरतुदीचा आधार तेथे गृहीत धरू नये. थकबाकीदाराच्या वाक्यात एकच सभासद थकबाकीदार आहे की अनेकांपैकी तो एक आहे, हे पुढे वसुलीच्या वेळी महत्त्वाचे ठरू शकते. तेथे ‘वन ऑफ’ची रचना टाळून ‘द मेंबर ऑफ फ्लॅट नंबर अमुक हॅज नॉट पेड’ असे स्वतंत्र वाक्य लिहावे.

नांदुर्की

सर्वांचे मनापासून आभार. ‘आभार’ अनेकवचनी आहेत, हे आज प्रथमच जाणवले.

इतिवृत्त पुढीलप्रमाणे दुरुस्त करते आहे. ठरावांत सर्वत्र ‘द मॅनेजिंग कमिटी हॅज’ ठेवीन, आणि वॉटरप्रूफिंगच्या मुद्द्यावर दोन मते पडली होती तेथे ‘द मेंबर्स ऑफ द कमिटी वेअर डिव्हायडेड’ असे लिहीन. ‘अ नंबर ऑफ मेंबर्स वेअर’, ‘टू लाख रुपीज वॉज’ आणि ‘द चेअरमन अँड टू मेंबर्स हॅव’ हे तिन्ही बदल स्वीकारते. ‘नन… वेअर’ तसेच ठेवते. थकबाकीचे वाक्य कलमनवीस यांनी सुचवल्याप्रमाणे सदनिकेच्या क्रमांकासह स्वतंत्र लिहीन. दुरुस्त्या सुचवणाऱ्या सभासदांना उद्या भेटून ‘कमिटी’, ‘नन’ आणि ‘वन ऑफ’ यांविषयीची कारणे दाखवणार आहे. सहापैकी तीन ठिकाणी त्यांच्यामुळे माझी वाक्ये सुधारली, हेही त्यांना सांगायचे आहे.

एकच शंका उरली. ‘ईच ऑफ द मेंबर्स हॅज रिसीव्ह्ड अ कॉपी’ आणि ‘द मेंबर्स ईच हॅव रिसीव्ह्ड अ कॉपी’ यांपैकी कोणते घ्यावे?

कृष्णाकाठ

दोन्ही शुद्ध आहेत. पहिल्यात ‘ईच’ कर्ता आहे, म्हणून ‘हॅज’. दुसऱ्यात ‘मेंबर्स’ कर्ता आहे आणि ‘ईच’ केवळ मागून आले आहे, म्हणून ‘हॅव’. तुम्हाला ‘प्रत्येक सदस्याला प्रत मिळाली आहे’ एवढेच नोंदवायचे आहे, तेव्हा पहिले घ्या.